बेळगावातला पहिला नाताळ: घर, चर्च आणि गल्ली कशी सांभाळायची

लग्न होऊन कोल्हापूरहून बेळगावला आले, त्या वर्षी नाताळच्या दुपारी मी गल्लीत अकरा ताटं वाटली. प्रत्येक ताटात करंज्या, कुलकुल, चकल्या आणि मधोमध केकचा मोठा तुकडा. केकमध्ये अंडी होती, महिनाभर रममध्ये मुरवलेला सुका मेवा होता. समोरच्या जैन आजींनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, "सुखी राहा गं" म्हणाल्या आणि आत नेलं. संध्याकाळी सासूबाईंच्या कानावर गेलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यातलं आता त्यांना काहीच चालायचं नाही. करंजीला पण केक लागलाय ना." त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं माहेर प्रॉटेस्टंट, सासर कॅथलिक, गल्लीत लिंगायत, मराठा, जैन आणि मुसलमान शेजार. सगळ्यांबरोबर सण कसा करायचा हे मला कुणी क्रमाने सांगितलं नव्हतं. तुम्ही लग्न होऊन, बदली होऊन किंवा नोकरीसाठी बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नव्याने आला असाल, तर हा क्रम हाताशी असू द्या. शेजारच्या ख्रिस्ती घरातून पहिल्यांदाच बोलावणं आलेल्यांनी सहावी पायरी तरी नक्की वाचावी.

१. आधी वही काढा आणि दिवाळीची ताटं मोजा

नाताळची तयारी दिवाळी संपली की लगेच सुरू होते. दिवाळीत कुणाकुणाकडून फराळ आला ते लिहून काढा. आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण दिवाळीची ताटं धुऊन, साखर घालून परत गेली तरी खरी परतफेड नाताळातच होते. गल्ली तिची वाट बघत असते.

प्रत्येक घरापुढे चार गोष्टी लिहा: माणसं किती, अंडं चालतं का, मांस चालतं का, आणि वर्षभरात घरात कुणी गेलंय का. शेवटची गोष्ट विसरू नका. ज्या घरात दुःख आहे तिथे सणाचं ताट कधी न्यायचं, न्यायचं की नाही, हे त्या घरच्या थोरल्या बाईला एकटीला गाठून विचारावं. आपल्या ख्रिस्ती घरांतही दुःखाच्या वर्षी पुष्कळजण तळण घालत नाहीत. अशा घरी फराळ शेजाऱ्यांनीच पोचवायचा असतो.

फराळ किती करायचा, तेल किती, डबे किती, हा सगळा हिशेब या यादीवरून होतो. यादी न करता तळायला बसलात तर चोवीस तारखेला रात्री दहाला चकल्या कमी पडतात.

२. चर्चमध्ये नाव घाला, आणि भाषा आधीच विचारून घ्या

बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली झाला. इथे गोव्याहून आलेली कोकणी बोलणारी घरं आहेत, मराठी आहेत, कन्नड आहेत. प्रॉटेस्टंटांचं काम त्याहून जुनं. लंडन मिशनचे लोक इथे १८२० साली आले आणि पुढे ते काम मेथडिस्टांकडे गेलं. त्यामुळे 'बेळगावचं चर्च' असं एकच काही नाही. एकाच चर्चमध्ये सकाळची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, एका भाषेत आणि संध्याकाळची दुसऱ्या भाषेत असू शकते. नाताळच्या रात्रीची कोणत्या भाषेत आहे हे नोटीस बोर्डावर लागतं, पण बोर्ड कधी कन्नडमध्ये असतो, कधी इंग्रजीत. वाचता येत नसेल तर ऑफिसात जाऊन विचारा.

नव्या पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या भागाच्या चर्चमध्ये, नाव घालताना हे कागद बरोबर असू द्या:

बाप्तिस्म्याचा दाखला, घरातल्या प्रत्येकाचा.
चर्चमधल्या लग्नाचा दाखला.
आधीच्या पॅरिशच्या फादरांचं किंवा पाळकांचं पत्र.
सध्याच्या पत्त्याचा एखादा पुरावा. भाडेकरार चालतो.

हे काम नोव्हेंबरातच उरका. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये येणाऱ्या रविवारी सुरू होतो, आणि त्यानंतर फादरांना श्वास घ्यायला वेळ नसतो. नाव नोंदलं नसेल तर कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, म्हणणारी मुलं तुमच्या घरी येत नाहीत, कारण त्यांच्या हातातल्या यादीत तुमचं दारच नसतं. माझ्या पहिल्या वर्षी हेच झालं. पोरं बाजापेटीवर गाणी म्हणत पलीकडच्या दारात गेली आणि मी चहाचं आधण ठेवून खिडकीत उभी राहिले.

भाषेवरून एक मनापासून सांगते. सीमाभागात भाषा हा दुखरा विषय आहे, माझाही आहे. पण कॅरलच्या चमूत कन्नड गाणं आलं की ते म्हणा, कोकणी आलं की तेही म्हणा. मराठी गाणं हवं असेल तर तालमीच्या पहिल्या आठवड्यात चाल आणि शब्द लिहून घेऊन जा. आमच्याकडे तसं नेलेलं गाणं आजवर कुणी नाकारलेलं नाही. ऐनवेळी मागितलं की मात्र वाद होतो.

३. पाहुण्यांची वाट आणि राहायची सोय

हे लवकर सांगते, कारण इथे पैसे वाया जातात.

डिसेंबरात बेळगावच्या हायवेलगतच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. त्या दिवसांत लॉज भरलेले, रस्ते वळवलेले, मोर्चे आणि मेळावे चालू. अधिवेशन बहुधा नाताळच्या आधी आटोपतं, पण खरेदीचे दिवस नेमके त्यातच सापडतात. तारखा जाहीर झाल्या की वहीत लिहा आणि हायवेकडची कामं त्याच्या आधी उरका.

मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा यात्रा असते. त्या सुमाराला कोल्हापूर आणि बेळगाव भागातल्या बसगाड्या भाविकांनी भरून जातात. पंचांग बघून पाहुण्यांना तारीख कळवा.

बसच्या तिकिटावरून दरवर्षी कुणीतरी फसतं. कर्नाटकातल्या बायकांना 'शक्ती' योजनेत फुकट प्रवास आहे, पण त्यासाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र लागतं, आणि आंतरराज्य गाडीत व आरामगाडीत ती चालत नाही. महाराष्ट्र एसटीत बायकांना अर्ध तिकीट आहे, ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. म्हणजे कोल्हापूरहून येणाऱ्या तुमच्या बहिणीला कोगनोळीच्या पुढचे पैसे पूर्ण द्यावे लागतात. तिला आधीच सांगून ठेवा, कंडक्टरशी वाद नको.

सीमेवर काही बिनसलं की दोन्हीकडच्या गाड्या बंद पडतात. डिसेंबर २०२२ मध्ये पडल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांसाठी मिरजेवरून येणाऱ्या रेल्वेचं आरक्षण करून ठेवलेलं बरं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे चोवीस तारखेचं तिकीट ऑक्टोबरच्या शेवटी.

गोव्याहून येणाऱ्या नातलगांना एक निरोप जरूर द्या: येताना बाटल्या आणू नका. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेली दारू परवान्याशिवाय चोर्ला किंवा अनमोड घाटातून आणली तर तपासणी नाक्यावर सण तिथेच संपतो. केकपुरती रम बेळगावात मिळते.

४. गोठा आणि चांदणी

गव्हाणीतला येशूबाळाचा देखावा मांडण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसांनी १२२३ साली ग्रेच्चो गावात सुरू केली असं मानतात. तिथे खरं गवत, खरा बैल, खरं गाढव होतं. आपल्याकडे खेडं जवळ आहे, तेव्हा थर्माकोल कशाला? कडबा, भाताचं पिंजर, माती, शेणाने सारवलेली फळी, एवढ्यात सुंदर गोठा होतो. पोरांना आठवडाभर आधी ताटलीत राई किंवा नाचणी पेरायला लावा. गोठ्यापुढे हिरवं शेत तयार होतं.

दोन चुका नवे लोक हमखास करतात. पहिली, बाळ आधीच गव्हाणीत ठेवतात. गव्हाण चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी राहते. दुसरी, बाळाच्या भेटीला येणारे तीन राजे पहिल्या दिवसापासून गोठ्यात उभे करतात. आमच्याकडे ते दाराजवळच्या कोनाड्यातून निघतात आणि रोज थोडे थोडे सरकत सहा जानेवारीला पोचतात. सरकवायचं काम घरातल्या सगळ्यात धाकट्याचं.

चांदणी उंच टांगा. वायर घरातल्याच प्लगवरून घ्या. गल्लीच्या विजेच्या खांबावरून वीज कंपनीच्या, म्हणजे हेस्कॉमच्या, परवानगीशिवाय जोड घेऊ नका, मग शेजारचा वायरमन कितीही ओळखीचा असो. गल्लीत मांडव किंवा माइक असेल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहिलेला असला की काम लवकर होतं. आमचा अर्ज दरवर्षी कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर लिहून देतात, आणि त्यांच्या ताटात दोन करंज्या जास्त जातात.

५. फराळ: चालतं काय, चालत नाही काय

सामान रविवार पेठेतून एकदम आणा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. नंतर गर्दी वाढते आणि सुक्या मेव्याचा भावही.

घरात हे काढून ठेवा: करंजीचं कातणं, चकलीचा सोऱ्या, कुलकुलासाठी काटे किंवा नवे कंगवे (न वापरलेले, फक्त या कामासाठी ठेवलेले), जाड बुडाचं पातेलं, दोन कढया. दोन म्हणजे दोनच. एक शाकाहारी तळणाची, तिच्यात मांस, मासा, अंडं कधीच पडलेलं नाही अशी. तेलही वेगळं.

क्रम असा ठेवा.

आधी शाकाहारी घरांचं सगळं. ओटा धुऊन, पहिल्या दोन दिवसांत. चकल्या आणि शंकरपाळ्या आधी, त्या टिकतात. मग कुलकुल. अर्धा किलो मैदा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे कडकडीत तूप, चिमूटभर मीठ, आणि नारळाचं दाट दूध लागेल तसं. कणीक घट्ट भिजवा. गोळी काट्यावर दाबून गुंडाळायची. काहीजण यात अंडं घालतात. तुम्ही घालू नका, नारळाच्या दुधाने तितकेच खुसखुशीत होतात. हे काम एकटीने करू नका. आमच्याकडे संध्याकाळी गल्लीतल्या पोरी येतात, कुठल्याही घरच्या, आणि गुंडाळता गुंडाळता परीक्षेपासून लग्नापर्यंत सगळं बोलून होतं. गल्लीचा नाताळ मला तरी त्याच संध्याकाळी लागतो.

मग करंज्या, म्हणजे सासूबाईंच्या कोकणीत नेवऱ्या. सारण ओल्या खोबऱ्याचं असेल तर ते मंद आचेवर पार कोरडं होईपर्यंत परता, नाहीतर पाचव्या दिवशी वास येतो. रवा, तीळ, वेलची घाला. दोदोल, म्हणजे नारळाचं दूध आणि गूळ आटवून केलेली मिठाई, करायचं असेल तर माडाचा काळा गूळ गोव्याहून मागवा, साध्या गुळाने तो रंग येत नाही. आणि दोन माणसं ढवळायला ठेवा, कारण तास दोन तास हात थांबवता येत नाही.

केक शेवटी. एका भांड्यात रममधला मेवा, दुसऱ्यात संत्र्याच्या रसातला. संत्र्याच्या रसातला महिनाभर टिकत नाही. तो दोनच दिवस आधी भिजवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. घरात ओव्हन नसेल तर ओळखीच्या बेकरीत विचारून बघा. आमचा बेकरीवाला दुपारी भट्टी मोकळी असताना भाजून देतो. टिनांवर नाव लिहा.

आता ताटांची वाटणी. मी हे चुकत चुकत शिकले.

लिंगायत आणि ब्राह्मण शाकाहारी घरी: शाकाहारी कढईतला फराळ. केक द्यायचाच असेल तर बिनअंड्याचा, वेगळ्या टिनातला, आणि देताना तोंडाने सांगा.

जैन घरी: काही घरं ज्या स्वयंपाकघरात मांस शिजतं तिथलं काहीच घेत नाहीत. तो त्यांचा नेम आहे, त्यात आपला अपमान नाही. अशा घरी अख्खी फळं, काजू-बदाम, किंवा शाकाहारी मिठाईवाल्याकडचा कुंदा बंद डब्यात न्या. आणि दिवस मावळायच्या आधी न्या, मावळल्यावर पुष्कळ जैन माणसं जेवत नाहीत.

मुसलमान घरी: रमचा केक अजिबात नको. संत्र्याच्या रसातला चालतो. डुकराच्या मांसाला लागलेलं कुठलंही भांडं, चमचा, तेल त्या ताटाच्या जवळ येऊ देऊ नका. जेवायला बोलावणार असाल तर मटण त्यांच्याच खाटकाकडून आणा आणि तसं सांगा.

मराठा घरी सहसा अडचण नसते, पण मार्गशीर्ष बऱ्याचदा डिसेंबरातच येतो आणि गुरुवारी बायकांचं लक्ष्मीचं व्रत असतं. पंचवीस तारीख अशा गुरुवारी आली तर मटणाचा डबा शुक्रवारी न्या.

सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, दोन-तीन दिवस आधी करून रोज गरम केलं की मुरतं. ते करायच्या आधी शाकाहारी फराळाचे डबे झाकून वरच्या फळीवर गेलेले असले पाहिजेत.

६. चोवीसची रात्र

पापनिवेदन, आमच्या सासरच्या भाषेत कुमसार, आदल्या आठवड्यातच करा. चोवीसला रांग रस्त्यावर येते. कम्युनियन, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर, घेणाऱ्यांनी एक तास आधी खाणं थांबवायचं. तेवढाच नियम आहे, दिवसभर उपाशी राहून चक्कर आणू नका.

मिस्सा किती वाजता हे दरवर्षी नव्याने विचारा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरवर बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले ठराविक दिवस बारापर्यंत सवलत देतं, त्यामुळे वेळ बदलू शकते. फटाके उडवायचेच असतील तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नाताळ आणि वर्षअखेरीच्या रात्रीसाठी ११.५५ ते १२.३० एवढाच वेळ दिलेला आहे. गल्लीत तान्हं बाळ, आजारी माणूस किंवा म्हैस व्यायला आलेली असेल तर तोही घेऊ नका.

थंडीचं सांगते. बेळगावची डिसेंबरची रात्र कोल्हापूरपेक्षा बोचरी. उशीर झाला तर जागा बाहेरच्या मांडवात मिळते. स्वेटर, कानटोपी, पोरांसाठी शाल, बसायला चटई घ्या.

पहिल्यांदा येणाऱ्या शेजाऱ्यांसाठी: या, संकोच करू नका. मागच्या बाजूला बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा. गुडघे टेकायची सक्ती नाही. लोक रांगेने कम्युनियन घ्यायला जातात तेव्हा तुम्ही जागेवर बसून राहा. ते फक्त कॅथलिकांसाठी असतं, माझ्या माहेरची प्रॉटेस्टंट माणसंही तेव्हा बसूनच राहतात. पण शेवटी येशूबाळाच्या मूर्तीचं दर्शन घ्यायची रांग लागते, तिच्यात कुणीही जावं. समोरच्या आजी एका वर्षी सुनेचा हात धरून त्या रांगेत उभ्या राहिल्या आणि बाळाच्या पायाला बोट लावून ते बोट त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना लावलं.

घरी आलं की धाकट्याच्या हातून बाळ गव्हाणीत ठेवा, मग कॉफी आणि केक. प्रॉटेस्टंट घरांत मुख्य उपासना पंचवीसला सकाळी असते. मिश्र घर असेल तर दोन्ही ठिकाणी जा, पण मग दुपारच्या जेवणाचा मसाला आदल्या दिवशी वाटलेला हवा.

७. पंचवीस तारीख: ताटं निघाली

आधी जैन आणि शाकाहारी घरं, उजेडात. मग बाकीची. ताटावर पांढरं विणलेलं रुमालवजा कापड झाका. ताटाखाली नाव घातलेलं आहे ना बघा, नसेल तर चिठ्ठी चिकटवा. पोरांना पाठवू नका, निदान पहिल्या वर्षी स्वतः जा. दारात उभं राहून परतू नका. बसा, पाणी प्या. कन्नड घरी 'हब्बद शुभाशयगळु', कोकणी घरी 'नाताळाचीं परबीं', बाकी नाताळच्या शुभेच्छा. शब्द चुकला तरी तो बोलायचा प्रयत्न केलेला माणसांच्या लक्षात राहतो.

ताटात काय चालतं त्याची शंका असेल तर दारातच सरळ विचारा: "हे चालतंय का तुम्हाला? नाहीतर दुसरं आणते." मी त्या पहिल्या वर्षी एवढं विचारलं असतं तर पुरलं असतं.

८. ओल्ड मॅन, तीन राजे आणि भांडी

एकतीसला रात्री कॅम्पात आणि गल्लोगल्ली पोरं गवताचा, जुन्या कपड्यांचा 'ओल्ड मॅन' करून बाराच्या ठोक्याला जाळतात. बघायला जरूर न्या, पोरांना लांब उभं करा. आत फटाके भरलेले असतात आणि नायलॉनची साडी लगेच पेटते. सुती नेसा.

एक जानेवारीला मिस्सा असते. तीन राजांचा सण झाला की गोठा उतरवा. मूर्ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई मातीला लागते. माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा, कडबा गोठेवाल्याला द्या.

ताटं बहुतेक संक्रांतीला परत येतात. मराठी घरातून तिळगूळ, कन्नड घरातून कुसरेळ्ळु, म्हणजे साखरेत घोळवलेले तीळ. येईल तसं वहीत त्या घरापुढे खूण करा. महिनाअखेर एखाद्या घरापुढे खूण नसेल तर ताट मागायला म्हणून जाऊ नका. नुसतं विचारपूस करायला जा, घरात कुणी आजारी असू शकतं.

वही कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, दिवाळीला हाताशी लागेल अशी.